अण्णांचं सोळाचं ॲव्हरेज

डोळ्यावरची हिरवी पट्टी सुटली त्या रविवारी दत्ताराम तेंडोलकरांनी सगळ्यांना कांदिवलीला जेवायला बोलावलं, आणि जेवणाआधी गाडी ढकलायला लावली.

ह्यात कुणाला नवल वाटलं नाही. रिव्हर्स गिअर सगळ्यात जास्त पेट्रोल पितो, हे अण्णांचं ठाम मत होतं. पुढे जायला पेट्रोल जाळलं तर समजू शकतो, मागे जायला जाळणं म्हणजे निव्वळ माज, असं ते म्हणत. त्यामुळे बिल्डिंगच्या भिंतीकडे नाक करून उभी असलेली फिकट निळी फियाट दर रविवारी घरच्यांनी बॉनेटला हात लावून मागे ढकलायची आणि अण्णांनी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग वळवायचं, ही घरची रीतच झाली होती. द्रौपदीबाईंचे गुडघे गेले ते जिने चढून, असं डॉक्टर म्हणायचे. त्या म्हणायच्या, डॉक्टरांनी आमची गाडी बघितलेली नाही.

मिलमधून जॉबर म्हणून निवृत्त झाल्यावर अण्णांनी ही गाडी सेकंडहँड घेतली आणि मिलमधल्या कामगारांवरचा राहिलेला सगळा अंमल तिच्यावर गाजवला. सिग्नलला इंजिन बंद. उताराला इंजिन बंद. भर मे महिन्यात काचा बंद, कारण वारा आत शिरला की गाडीला अडवतो. हॉर्न वाजवायचा नाही, कारण हॉर्नला बॅटरी लागते, बॅटरीला इंजिन लागतं आणि इंजिनला काय लागतं ते शहाण्याला सांगायला नको. द्रौपदीबाईंच्या केसातला गजरा जोगेश्वरी येईपर्यंत उकडून निघायचा.

ह्या सगळ्या तपश्चर्येचं फळ म्हणजे सोळा. एका लिटरला सोळा किलोमीटर. हा आकडा बिल्डिंगमध्ये लहान पोरांनाही पाठ होता. अण्णांनी तो भाजीवाल्याला सांगितला होता, डोळ्याचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला टेबलावर आडवं पडून सांगितला होता, आणि एकदा स्मशानात लाकडं ओली निघाल्यामुळे सगळे ताटकळले असताना मयताच्या जावयालाही सांगितला होता.

आणि आता सर्जन म्हणाला होता की ह्या डोळ्याने पेपर वाचा, गाडी चालवू नका.

"तर किल्ली कोणाक द्यायची, ह्याचा निकाल आज लागतलो," अण्णा कंपाउंडमध्ये उभे राहून म्हणाले. हातात शरबताची एक रिकामी बाटली होती आणि तिच्या बुचातून रबराची नळी निघाली होती. "ह्या बाटलीत मोजून एक लिटर पेट्रोल. पेट्रोलच्या टाकीची लाइन बंद. एका लिटरात जो लांब जाईल त्याची गाडी. माझं ॲव्हरेज सोळा. तुम्ही नवशिके, म्हणून एक माफ. पंधरा काढा, किल्ली घ्या."

"आणि पंधरा कोणालाच नाही जमले तर?" नंदाने विचारलं. ती अण्णांची मुलगी, घाटकोपरला दिलेली, आणि माहेरी आली की तिला पहिली शंका वाईटाचीच यायची.

"तर संध्याकाळी चेंबूरचं गिऱ्हाईक येणार आहे. त्याला देऊन टाकणार. गाडीचे हाल मला बघवणार नाहीत."

नंदाचा नवरा चंद्रप्रकाश पुढे आला. त्याची घाटकोपरला व्हिडिओ लायब्ररी होती. शनिवारी-रविवारी व्हीसीआर भाड्याने पाठवायला त्याला गाडी हवीच होती आणि आपल्याला काय हवं ते तो लपवत नसे. "अण्णा, टेस्टची काय गरज? माझ्याकडे द्या. झकास ठेवतो. सीट कव्हर, टेप, सगळं."

"टेप बॅटरीवर चालतो," अण्णा म्हणाले. विषय संपला.

थोरला मुलगा सहदेव टेलिफोन खात्यात होता. त्याला गाडी नको होती. ती चंद्रप्रकाशला मिळायला नको होती. "मीही देणार टेस्ट," तो म्हणाला. लायसन्स काढल्यापासून त्याने गाडी फक्त ढकलली होती.

सहदेवची बायको वसुधा बाजूला उभी होती. चेंबूरच्या गिऱ्हाइकाचं तिने आत्ताच ऐकलं होतं, आणि ती कमरेला खोचलेलं पाकीट चाचपत होती.

बाटली डाव्या बाजूला, उन्हाच्या झडपेला सुतळीने उलटी बांधली. नळी छोट्या तिकोनी खिडकीतून बाहेर काढून बॉनेटखाली कार्बोरेटरला जोडली. त्या दिवसापुरती अण्णांनी बिडी बंद ठेवली, एवढी एकच खबरदारी. मग नारळ घेऊन ते गाडीसमोर उभे राहिले. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय ताकही पचत नाही.

"बा देवा रामेश्वरा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतूनही दोघं म्हणाले.

"आज तुझी लेकरां ह्या गाडयेची परीक्षा घेतत, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जो कोण हलक्या पायान चालवीत, तेका येस दी! आणि पेट्रोलात कोणी काय वाकडा-नाकडा केला आसात, तर तां तूच सरळ कर, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" ह्या वेळी नंदाने सहदेवकडे बघितलं आणि सहदेवने चंद्रप्रकाशकडे.

गाडीत फक्त चालवणारा आणि परीक्षक. तिसऱ्या माणसाचं वजन नको. परीक्षक अर्थातच अण्णा.

---

चंद्रप्रकाश गाडी चालवायचा ती सिनेमातल्यासारखी. हायवेला लागल्या लागल्या त्याने ॲक्सिलरेटर असा दाबला की बाटलीतून बुडबुडे उठले. पुढे ट्रक आला की कचकन ब्रेक, ट्रक हलला की पुन्हा जमिनीला पाय. मधल्या वेळात डावा पाय क्लचवर टेकवून ठेवलेला, आरामखुर्चीच्या पट्टीवर टेकवावा तसा.

"क्लचवरून पाय काढा, जावयबापू."

"सवय आहे अण्णा. हाताशी असलेला बरा."

"पायाशी आहे तो."

आरे कॉलनीचा पहिला चढ गाडीने कसाबसा चढला आणि म्हशींच्या गोठ्यांपाशी तिने मान टाकली. नऊ. टाकीची लाइन पुन्हा जोडून ते परत आले, तेव्हा चंद्रप्रकाश कंपाउंडमध्ये उतरता उतरताच सांगत होता की गाडीच्या इंजिनात दम नाही, कार्बोरेटरचा जेट बदलायला हवा, चुका सगळ्या गाडीच्या.

"नऊ म्हणजे खूप वाईट का हो?" नंदाने हळूच विचारलं.

"तू गप बस."

सहदेव घाबरून गेला तो घाबरूनच परत आला. जोरात चालवली की पेट्रोल जातं, म्हणून त्याने हळू चालवली. इतकी हळू, की हायवेवर एक सायकलवाला दुधाचे कॅन लावून त्याच्या पुढे गेला आणि मागे वळून बघत राहिला. सेकंड गिअरच्या वर तो गेलाच नाही. इंजिन सगळा वेळ किंचाळत होतं. ते आपल्याच नावाने किंचाळतंय असं सहदेवला वाटलं, आणि घामाने त्याचा शर्ट सीटला चिकटला.

"अरे, वरचा गिअर टाक! तिसरो! चवथो!"

"स्पीड वाढेल ना अण्णा!"

"गाडी आसा ती! तिचा कामच तां!"

आठ. तेही अण्णांनी वडील म्हणून पदरचं थोडं धरून.

---

जेवायला कोंबडी-वडे होते, पण पंगतीला तेराव्याची कळा होती. अण्णांच्या हिशेबी गाडी चेंबूरला गेल्यातच जमा होती, आणि चेहऱ्यावर दुःख होतं तेवढंच समाधानही होतं. आपल्यासारखं कोणी नाही हे सिद्ध झालं की माणसाला बरं वाटतंच.

आत स्वयंपाकघरात द्रौपदीबाई वडे तळत होत्या. वसुधा ताटं भरत होती. "गे, सांगतंस काय नाय तू आता?" सासूने झाऱ्याने तेल निथळत विचारलं.

"कसं सांगू? आधीच सगळे चिडलेत."

"चिडलेल्या माणसांकच सांगूचा. खूश असले तर नाय म्हणतत."

ह्या घरात वसुधाचं गुपित फक्त सासूला ठाऊक होतं. बँकेने तिला बढती दिली होती, मुलुंडच्या शाखेत. सोमवारी, म्हणजे उद्या, हो की नाही ते कळवायचं होतं. कांदिवलीहून गाड्या बदलत दादरमार्गे मुलुंड गाठायचं आणि तसंच परतायचं म्हणजे दिवस प्रवासातच गेला. आरेतून-पवईतून सरळ रस्ता होता, पण त्याला गाडी लागत होती. मागची बढती तिने सोडली होती ती द्रौपदीबाईंच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी. त्या वेळी कोणी तिला सोड म्हणालं नव्हतं. कोणी सोडू नको असंही म्हणालं नव्हतं. द्रौपदीबाईंना ते आजही खुपायचं.

वसुधा वाढायला बाहेर आली. वड्यांचं ताट अण्णांसमोर ठेवलं आणि कमरेला खोचलेल्या पाकिटातून लायसन्स काढून ताटाशेजारी ठेवलं.

"अण्णा, तिसरी टेस्ट माझी घ्या."

अण्णांनी आधी चांगल्या डोळ्याने बघितलं, मग ऑपरेशनच्या. दोन्हीला तेच दिसलं.

"हे कधी काढलंस?" सहदेवने विचारलं. त्याच्या तोंडात वडा तसाच होता.

"दिवाळीनंतर. बोरिवलीच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये."

"मंगळवारी तू भजनी मंडळात जात होतीस ना?"

"आई जायच्या भजनाला. मी त्यांना सोडून पुढे जायचे."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर अण्णांना विचारून सांगतो म्हणाला असता."

सहदेवने वडा गिळला. नंदा मात्र उसळली. "हे बरं आहे! वहिनी, घरातल्यांपासून लपवून शिकायचं आणि आता वाटा मागायचा? अण्णा, सुनेला कधीपासून गाडीत हिस्सा?"

"हिस्सो कसलो?" द्रौपदीबाई झारा घेऊनच दारात आल्या. "टेस्ट आसा ना? मगे देऊ दे टेस्ट. तुझ्या घोवान दिली, माझ्या झिलान दिली. दोघांनी मिळून एकाची कामगिरी केली नाय."

"आई, तू तिच्या बाजूने?"

"मी गुडघ्याच्या बाजून. गाडी हिच्याकडे गेली तर निदान ढकलूक तरी लागाची नाय."

चंद्रप्रकाश हसला. नंदाने त्याच्याकडे बघितलं आणि तो हसायचा थांबला. अण्णांनी लायसन्स उलटंसुलटं करून बघितलं, त्यावरचा फोटो वसुधाच्या तोंडाशी ताडून पाहिला, आणि वडा मोडला.

"बायकांका पेट्रोलाची काळजी नसता," ते म्हणाले. "पण घेऊया टेस्ट. मागाहून बोलायला नको."

---

सगळे जेवून लवंडले तेव्हा वसुधाने डिकी उघडली.

डिकीत एक चिऱ्याचा दगड होता, चाकाला लावायला. मिलमधून आणलेला साखळदंड होता, कशाला ते कोणालाच माहीत नव्हतं. आणि सगळ्यात खाली, गोणपाटात गुंडाळलेला, पाटा-वरवंटा होता. नंदाच्या लग्नात द्यायला अण्णांनी तो खास गावाहून आणवला होता. नंदाने मिक्सर घेतला आणि पाटा नको म्हणाली. अण्णा रागावले आणि त्यांनी तो डिकीत ठेवून दिला, आणि तेव्हापासून, कोणाच्या हातातली भाजीची पिशवीही वजन म्हणून काढून घेणारा हा माणूस, मुंबईभर पाटा-वरवंटा फिरवत होता.

वसुधाने सहदेवला उठवलं. दोघांनी मिळून पाटा खाली काढला. मग तिने कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून पंप मागून आणला आणि चारही टायरमध्ये हवा भरली. टायर एवढे बसले होते की सहदेवचे हात भरून आले. एअर फिल्टरचं झाकण उघडून तिने फिल्टर भिंतीवर आपटला, तेव्हा त्यातून एवढी धूळ निघाली की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

"हे चीटिंग आहे," चंद्रप्रकाश गॅलरीतून म्हणाला. "आम्हाला अशीच दिली होती गाडी."

"तुम्हाला उघडून बघायला कोणी मना केलं होतं का, भाऊजी?"

"वसू," पंप मारता मारता सहदेव हळूच म्हणाला, "मुलुंडचं काय आहे? आईने मघाशी सांगितलं मला."

"तुम्हाला कसं वाटलं ऐकून?"

सहदेवने दोनदा पंप मारला. "वाईट वाटलं. मी विचारायला हवं होतं तुला. मागच्या वेळीसुद्धा." मग त्याने आणखी जोर लावला. "ह्यात अजून घालू का? फुटेल?"

"फुटेल. पुरे."

हे आवाज ऐकून अण्णा खाली आले. त्यांना पाटा जमिनीवर पडलेला दिसला. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग नंदा आत झोपली होती त्या खिडकीकडे, आणि डाव्या सीटवर जाऊन बसले.

---

वसुधाने काचा उघडल्या. अण्णांनी तोंड उघडलं.

"अण्णा, चाळीसच्या स्पीडला वारा काही अडवत नाही. आणि उकडून जीव गेला तर पेट्रोल वाचवून करायचंय काय?"

ती गाडी चालवत होती तशी कोणी ती गाडी ह्याआधी चालवली नव्हती. पटापट वरचे गिअर टाकले आणि मग तिथेच ठेवली. काटा चाळिसाच्या जरा वर, तिथून हलला नाही. लांबूनच लाल सिग्नल दिसला की ती ॲक्सिलरेटर सोडून द्यायची, गाडी आपली लोळत लोळत यायची आणि पोचेपर्यंत सिग्नल हिरवा व्हायचा. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लागलाच नाही म्हटलं तरी चाललं असतं. आरेच्या उतारावर अण्णांचा हात सवयीने किल्लीकडे गेला.

"नको अण्णा. उतारावर बंद केली आणि मध्ये म्हैस आली तर? गिअरमध्येच राहू दे. पाय काढलाय, पेट्रोल नावालाच लागतंय."

अण्णांनी हात मागे घेतला. बाटलीतलं पेट्रोल संथ उतरत होतं. ते बाटलीकडे बघत होते, मग मीटरकडे, मग पुन्हा बाटलीकडे. गोठे मागे गेले, जिथे जावयाचं संपलं होतं. पुढचा चढ आला. बाटलीत अजून दोन बोटं होती, आणि मीटरवर अकरा पूर्ण होत आले होते. अण्णांच्या कपाळावर घाम आला. उघड्या काचांच्या गाडीत त्यांना पहिल्यांदाच घाम येत होता.

गाडी खोकली. पुन्हा खोकली आणि बंद पडली.

वसुधाने ती कडेला घेतली. बाटलीकडे बघितलं. बाटलीत दोन बोटं पेट्रोल तसंच होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "अंगठा काढा."

नळी तिकोनी खिडकीच्या कडेला जिथे वळत होती, तिथे अण्णांचा अंगठा होता. तो त्यांनी काढला. नळीत पेट्रोल पुन्हा उतरलं. रस्त्यावरून एक बाई गवताचा भारा घेऊन गेली.

"अकरावर दाबलात," वसुधा म्हणाली. ती बँकेत दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासायची. "नऊवर नाही, दहावर नाही. अकरावरच का?"

अण्णा अंगठा धोतराला पुसत राहिले.

"तुमचे अकराच आले होते ना?"

अण्णा बाहेर बघत बोलले. "एकदाच मोजलेलंय. गाडी घेतली त्या वर्षा. अकराच इले. घराकडे येय होतंय, तर खाली शेजारचो बाळा नाईक उभो. इचारल्यान, अण्णा, किती देता? तेणा स्कूटर घेतलेल्यान नवी. तोंडातसून सोळा गेला. मगे परत कधी मोजलंय नाय."

वसुधाला हसू आलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातून बाहेर पडलं. मग तिला ज्याचं हसू आलं त्याचाच राग आला. ह्या सोळासाठी तिने दर रविवारी गाडी ढकलली होती. आणि ह्याच सोळापायी तिची मुलुंडची जागा संध्याकाळी चेंबूरला जाणार होती.

"म्हणजे पंधरा कोणालाच येणार नव्हते. कधीच."

"नाय."

"आणि तुम्हाला ते माहीत होतं."

"माका वाटला," अण्णा बाटलीकडे बघत म्हणाले, "दुसऱ्याच्या हातात गेलेली बघूक नको. विकलेली बरी."

हे ऐकल्यावर वसुधाचा राग जरा उतरला. सगळा नाही. आपल्या हातातलं शेवटचं चालतं यंत्र सुटतंय म्हणून म्हातारा हटून बसला होता, हे तिला कळलं आणि वाईटही वाटलं. पण वाईट वाटण्यापायी दुसरी बढती सोडायची तिची तयारी नव्हती.

"मी तुमच्या सोळाबद्दल घरी काही बोलणार नाही, अण्णा. पण गाडी विकू नका. मला मुलुंडला जायचंय. उद्या हो म्हणायचंय मला."

तिने किल्ली फिरवली. उरलेल्या दोन बोटांवर गाडी चढ चढली, उतरली, पवईच्या तलावाच्या कडेने गेली आणि तिथे खरोखरच थांबली. मीटरवर तेरा आणि थोडे वर.

"तेरा," वसुधा म्हणाली.

अण्णांनी मीटर नीट बघितला, दोन्ही डोळ्यांनी. परत येताना सबंध रस्ताभर त्यांनी तिला एकही सूचना केली नाही, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

---

कंपाउंडमध्ये सगळे होते. चेंबूरचं गिऱ्हाईकही येऊन बसलं होतं, सफारी सूट घातलेला एक जाडसर माणूस, द्रौपदीबाईंनी दिलेला चहा पीत. वरच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. रविवारी संध्याकाळी लोकांना दुसरं काम काय?

वसुधाने गाडी आत आणली, आणि भिंतीकडे नाक न करता, सरळ रिव्हर्स टाकून उलटी लावली. गॅलरीतून कोणीतरी शिटी मारली.

"किती?" सहदेवने विचारलं.

"किती, अण्णा?" नंदाने विचारलं.

अण्णा सवयीने किल्ली काढून घेऊन सावकाश उतरले. धोतराचा सोगा झटकला. चष्मा पुसला. वसुधा गाडीत बसून राहिली. तेरा म्हणाले की संपलं. ती मनातल्या मनात उद्याचं नकाराचं वाक्य जुळवत होती आणि ते जुळत नव्हतं.

"सतरा," अण्णा म्हणाले.

"शक्यच नाही!" चंद्रप्रकाश ओरडला. "अण्णा, ह्या गाडीला सतरा? कोणाची पण वाट लागेल सतरा काढताना!"

"मी शेजारी बसलेलंय. मीटर माझ्यासमोर होतो. सतरा. माझ्यापेक्षा एक जास्त." अण्णांनी नंदाकडे, जावयाकडे आणि मग वर सगळ्या गॅलऱ्यांकडे बघितलं. आवाज थोडा चढवला. "सोळा माझा, सतरा सुनेचा. तेंडोलकरांच्या घरात ॲव्हरेज पडूचा नाय."

वसुधाला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तिला त्या माणसाच्या अजब हिशेबाचं कौतुकच वाटलं. आपलं सोळा खोटं होतं हे कबूल करण्यापेक्षा सुनेकडून हरणं त्याला सोपं गेलं होतं. आणि तेही खोटंच बोलून. तिला आनंदही झाला. एवढा, की ती दार उघडताना चुकून काच वर करायला लागली.

अण्णांनी किल्ली खिडकीतून तिच्या हातात ठेवली. कोणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले, "आता इचारतले सगळे. संबाळ."

द्रौपदीबाईंनी पदराने डोळे पुसले. त्यांना गुडघ्यांचं वाईट कधीच वाटलं नव्हतं, सुनेचं मात्र वाटायचं. त्या सरळ पुढे आल्या आणि वसुधाच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. नंदाने तोंड फिरवलं. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "तो पाटा राहू दे तिथेच. मी घेऊन जाईन. टॅक्सीने." अण्णांनी ते ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही.

चेंबूरच्या माणसाने कप खाली ठेवला. सौदा फिसकटला होता, पण गाडी बघायला आलेला माणूस गाडी बघितल्याशिवाय जात नाही. त्याने फियाटला एक फेरी मारली, टायरला बुटाने टोचलं, आणि खिडकीत वाकून आत बसलेल्या वसुधालाच विचारलं.

"मॅडम, एक सांगा. खरंच सतरा देते?"

अण्णा भिंतीकडे बघत उभे होते. वसुधा बँकेत होती तेवढ्या वर्षांत तिने एकही चुकीचा आकडा पुढे जाऊ दिला नव्हता.

"हायवेला सतरा," ती म्हणाली. "गावात जरा कमी देते."